‘सराईत’ हा शब्द वगळावा

नाशिकरोड,
१२ जून २०२३

चि. तेजल हिस,
नानांचा सप्रेम जयभीम व आशीर्वाद. वि. वि.

तू जिनिव्हाला सुखरूप पोचल्याचा फोन तुझ्या आईने घेतला. मला आता फोनवर काही कळत नाही. यंत्र कानात घातलं तरी नुसती खरखर होते. माझ्याशी बोलायचं तर कागदावरच बोल. एकतीस वर्षं कोर्टाचा बेलिफ म्हणून जिल्हाभर समन्स वाटले, त्यामुळे कागदावर माझा विश्वास आहे.

परवा सखुबाई आली होती. खैरपाड्याहून पहाटे निघाली आणि कोर्टात तुला शोधत बसली. हर्षालीने तिला घरी आणलं. तू दोन वर्षांपूर्वी वकिली सोडलीस, केस हर्षालीकडे दिलीस, हे तिला माहीत आहे, पण तू कधीतरी तारखेला येशील असं तिला वाटत होतं. तू परराष्ट्र खात्यात अधिकारी झालीस आणि आता परदेशात सरकारच्या वतीने बसतेस, असं मी सांगितलं. कोणतं सरकार, तेच का, असं तिने विचारलं. मी हो म्हटलं. अर्धा चहा ठेवून ती उठली.

मला जे वाटलं ते लिहिलं. राग मानू नकोस. आईने खुरासणीची चटणी वाळवून ठेवली आहे, पाठवायची सोय कळव.

लोभ आहेच, तिकडच्या थंडीत तो गारठू देऊ नकोस.

तुझे,
नाना


जिनिव्हा,
३ जुलै २०२३

ती. नाना व ती. सौ. आई यांस,
तेजलचा सा. जयभीम. वि. वि.

पत्र पोचलं. चहाची गोष्ट वाचून दिवसभर कामात लक्ष लागलं नाही.

नाना, ती केस मी विसरलेले नाही. सात वर्षांपूर्वी इगतपुरीच्या पुढे, खैरपाड्यात, विहिरीवरची मोटर चोरीला गेली. सखुबाईचा दीपक चोवीस वर्षांचा होता, त्याला संशयावरून चौकीत नेलं. तिसऱ्या दिवशी सखुबाईला बोलावून मुलगा आजारपणाने गेला म्हणून सांगितलं. तिने पाठीवरचे वळ पाहिले आणि सही करायला नकार दिला. तिला लिहिता येत नाही, म्हणजे अंगठ्याला नकार. चौकीतल्या दोन शिपायांवर खटला उभा राहायला मला दोन वर्षं लागली.

मी का सोडलं हे तुम्ही तेव्हाही विचारलंत आणि मी नीट सांगितलं नाही. अकरा वर्षं मी प्रत्येक केसमध्ये समोरच्या, सरकारच्या टेबलावरच्या माणसांना कागद नीट वाचा म्हणून विनवत होते. परराष्ट्र खात्याच्या कायदा विभागाची जाहिरात आली, तेव्हा वाटलं, त्या टेबलाशी बसून एकदा आपणच कागद नीट वाचून बघावा. दमले होते, हेही खरं आहे. दोन्ही लिहिते.

इथे माझं काम मसुदे तपासण्याचं आहे. मानवी हक्कांच्या बैठकीत इतर देश आणि संस्था प्रश्न विचारतात, आपण लेखी उत्तर देतो, ते कायद्यात बसतं का हे मी पाहते. राजदूत साहेब शिस्तीचे, पण ऐकून घेणारे आहेत. आई, चटणी पाठवू नकोस, विमानतळावर उघडून बघतील आणि मला खुलासा लिहावा लागेल.

सखुबाईला माझा निरोप द्या. काय द्यावा हे मलाही सुचत नाही.

तुमची माया असू द्यावी, आणि रागही कळवत राहावा.

आपली,
तेजल


नाशिकरोड,
१९ ऑक्टोबर २०२३

चि. तेजल हिस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

मी आता प्रत्येक तारखेला हर्षालीबरोबर कोर्टात जातो. ऐकू येत नाही, पण सखुबाईला सोबत होते. या खेपेला आरोपींच्या वकिलाने पुन्हा तेच मांडलं म्हणे, की मयत सराईत चोर होता, पळताना पडला, त्यात आधीचं आजारपण. हर्षालीने हरकत घेतली. पुढची तारीख पडली.

बाहेर आल्यावर सखुबाई मी तारखा टिपतो त्या वहीत बोट ठेवून म्हणाली, की त्यो चोर नव्हता असं सरकारने लिवून द्यावं, बाकी काय द्यायचं ते द्या नायतर नका देऊ. मला ऐकू यावं म्हणून तिने तीनदा ओरडून सांगितलं. व्हरांड्यातली सगळी माणसं बघू लागली.

शेजारच्या झुंबरने मोबाइलवर तुझा फोटो दाखवला. तुझ्या मागे झेंडा, समोर माइक. आई कॉलनीभर सांगत फिरली. मी झुंबरला विचारलं, ही तिथे काय बोलली. त्याला माहीत नव्हतं.

आम्ही बरे आहोत. आमची आठवण ठेव आणि सखुबाईचीही.

तुझे,
नाना


जिनिव्हा,
११ फेब्रुवारी २०२४

ती. नाना यांस,
सा. जयभीम. वि. वि.

एवढंच कळवते, की मी बरी आहे. ऑफिसात एक गोष्ट झाली आहे, ती सध्या लिहिता येत नाही. नोकरीत गोपनीयतेची शपथ आहे. दीड आठवड्यापासून माझ्याकडे काम दिलेलं नाही. रोज येते, बसते, घरी जाते. आईला सांगू नका.

हर्षालीकडे मी कसलाही कागद मागितलेला नाही, तिला इथलं काही कळवलेलंही नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे कुणी विचारलं तर उपयोगी पडेल.

आपली,
तेजल


नाशिकरोड,
१ मार्च २०२४

चि. तेजल हिस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

पत्र आईने आधी फोडलं. तेव्हा तिला सांगू नका या ओळीचा उपयोग झाला नाही. ती रडली नाही. तेजलने काही चुकीचं केलं नसेल, असं म्हणाली आणि भाकरी थापायला बसली.

मी विचारत नाही. बेलिफाने पाकीट पोचवायचं असतं, आतलं वाचायचं नसतं, हे मला कळतं. पण नोकरी गेली तर घराची एक खोली रिकामी आहे आणि कोर्टात तुझं टेबल हर्षालीने अजून कुणाला दिलेलं नाही. तूर्त एवढं पुरे.

आमचा जीव तुझ्यापाशी आहे, पत्र लांबवू नकोस.

तुझे,
नाना


जिनिव्हा,
२४ जून २०२४

ती. नाना व ती. सौ. आई यांस,
सा. जयभीम. वि. वि.

आता लिहिता येतं, कारण उत्तर जाहीर झालं आहे आणि कुणालाही वाचता येतं.

जानेवारीत एका संस्थेने कोठडीतल्या मृत्यूंबद्दल प्रश्न विचारले, त्यात दीपकचं नाव होतं. खालून, राज्याच्या पोलीस खात्याकडून उत्तराचा मसुदा आला आणि तपासायला माझ्याच टेबलावर पडला. त्यात लिहिलं होतं, की मयत सराईत चोर असून आजाराने मरण पावला.

मी तो कागद दोनदा वाचला. मग टिपण लिहिलं. या मुलाच्या आईची मी वकील होते, त्यामुळे ही फाईल मी हाताळू नये. आणि दुसरं, वरच्या कोर्टाच्या २०१८ च्या आदेशात पोलिसांनी स्वतः सांगितल्याची नोंद आहे, की मयतावर एकही गुन्हा दाखल नव्हता. आदेश कुणालाही मिळतो. सबब ‘सराईत’ हा शब्द वगळावा.

राजदूत साहेबांनी बोलावलं. बाजूला व्हायचं तर गप्प बाजूला व्हावं, टिपणाचा दुसरा भाग कशाला, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, आपल्याच कोर्टाने खोटं ठरवलेलं वाक्य देशाच्या नावावर वाचलं गेलं तर मान देशाचीच खाली जाईल. ते म्हणाले, ही बोलणारी अधिकारी आहे की वकील. मी म्हटलं, मला आत्ता दोन्ही वेगळे काढता येत नाहीत. त्यांनी टिपण दोन दिवस ठेवून घेतलं आणि पुढे पाठवलं. दिल्लीहून माझा खुलासा मागवला. सहा आठवडे मी रिकामी बसले. तेव्हा भीती वाटत होती नाना, रोज वाटत होती.

शेवटी उत्तरात असं छापून आलं, की मयत व्यक्तीविरुद्ध कोणताही गुन्हा नोंद नव्हता, खटला न्यायालयात सुरू आहे. साहेबांनी तेवढंच वाक्य वाचून दाखवलं आणि माझ्याकडे न बघता पान उलटलं.

मला समुद्रातल्या मासेमारीच्या करारांवर बदललं आहे. मुदतही वाढणार नाही, पुढच्या वर्षी दिल्लीला परत. माशांच्या कायद्यात बरंच शिकण्यासारखं आहे, आईला सांगा, बोंबील सोडून.

तुमच्या मायेची इथे खरोखर गरज पडते.

आपली,
तेजल


नाशिकरोड,
६ ऑगस्ट २०२५

चि. तेजल हिस,
सप्रेम जयभीम व आशीर्वाद. वि. वि.

निकाल लागला. दोघांपैकी एका शिपायाला शिक्षा झाली, दुसरा पुराव्याअभावी सुटला. त्यावर हर्षाली अपील करणार आहे. निकालाची नक्कल मी स्वतः काढली, जुन्या ओळखीच्या कारकुनाने खुर्ची दिली.

जिनिव्हाचं ते उत्तर हर्षालीने गेल्या वर्षीच इंटरनेटवरून काढून, भाषांतर करून कोर्टात लावलं. त्यानंतर समोरच्या वकिलाने दीपकला चोर म्हटलं नाही. मग सखुबाईची जबानी झाली. आधी हर्षालीने तिला तो कागद वाचून दाखवला. ती खूश होईल असं मला वाटलं होतं. तिने नुसतं ऐकून घेतलं.

उलटतपासणीत समोरच्या वकिलाने विचारलं म्हणे, की बाई, तुमचा मुलगा चोर नाही हे सरकारने मान्य केलं, मग आता तुमची तक्रार काय. सखुबाई न्यायाधीशांकडे वळली. पिंजऱ्याची कड तिने दोन्ही हातांनी धरली होती, एवढं मी पाहिलं. ओठ हलले. न्यायाधीशांनी टंकलेखकाला खूण केली.

काय बोलली ते मला काल नक्कल वाचून कळलं. एकतीस वर्षांत हजारो निकाल माझ्या हातून गेले. साक्षीदाराने न्यायाधीशांना विचारलेला प्रश्न त्यात कधी पाहिला नाही. या निकालात चौदाव्या पानावर तो आहे, तिच्याच बोलीत.

मग त्याला नेला कशाला?

ते पान मी अजून उलटलेलं नाही. दिल्लीला पोचलीस की पत्ता कळव.

तुझे,
नाना