चार्जर लपव, मॅगी लपव

बोईसर,
१७ नोव्हेंबर २०२५

चि. रूपेश यास,
आत्याचे अनेक आशीर्वाद. इकडे सर्व ठीक. गुडघा कुरकुरतो, पण दुकानात बसलं की गप्प राहतो. सुके बोंबील चांगले मिळालेत, तुला वेगळे पाठवते.

तुझ्या प्रदर्शनातला फोटो पाहिला. परवा दादा, म्हणजे तुझे बाबा, फ्रेम करूनच घेऊन आले. फोटो सुरेख आहे, खोटं कशाला बोलू? लाकडी फळ्या, काचेच्या बरण्या, आणि गल्ल्याशी हनुवटीला हात लावून बसलेली मी. खाली तू लिहिलंस, 'शेवटचं दुकान'. पुण्यात म्हणे बायका डोळे पुसत होत्या.

मेल्या, त्या बरण्या माळ्यावरून तूच काढायला लावल्यास ना? "आत्या, चार्जर लपव, मॅगी लपव, रिचार्जचा बोर्ड उतरव." मी लाडाने सगळं केलं. वर आलास कधी, तर भर दुपारी. रात्रपाळीवाले खोल्यांत झोपलेले, दिवसपाळीवाले कंपनीत. त्या वेळी माझ्याकडे कुत्रंही फिरकत नाही.

काल कंपनीत पॅकिंगला जाणारी सोमी आली होती. तिने फोटो पाहिला नि विचारलं, "बाय, याला हार घालाचा हाय का?" मी हसले. नंतर मात्र जिवाला लागलं.

कारण दादांनी तो कौतुकाने आणला नव्हता. त्यांना गाळा मोबाइलच्या शोरूमवाल्याला द्यायचाय. दुकान आम्हा दोघांच्या नावावर, माझी सही हवी. म्हणाले, "आनंदी, तुझ्याच भाच्याने दाखवलंय, दुकान संपलं. आता कुणासाठी बसतेस?" तुला हे आधी ठाऊक होतं का, ते मी विचारणार नाही. तू खरं सांगशील, याचीच भीती वाटते.

परवा ते हे बोलत होते तोवर शिफ्ट सुटली, कंपनीच्या बसेस आल्या. इथे एका खोलीत दोन पाळ्यांची माणसं राहतात नि चावी एकच असते. निघणारा ती माझ्याकडे देऊन जातो, येणारा घेऊन जातो. दादांच्या डोक्यावरून हात पुढे येऊ लागले. "आंटी, चाबी देना, और ब्रेड भी!" सोमी तर म्हणाली, "भाऊ, जरा सरका. आमी उभ्याउभ्या झोपाचं का?"

दादा उठून बाजूला झाले. चाव्या देता देताच मी सांगितलं, "दादा, मी सही करणार नाही. आज नाही, उद्याही नाही."

तुझ्यावर रागावले आहे, लपवत नाही. तुला जुनं आवडतं तर आवडू दे; पण मी इथे बसलेली असताना माझी आठवण काढून रडू नकोस. फोटोखालची ती ओळ काढ. आणि ये, शिफ्ट सुटताना ये. माणसं मध्ये मध्ये येतील, फोटो हलेल. हलू दे.

दुकान उघडं ठेवून बसलेली,
तुझी आनंदीआत्या