साखरबाईची कॉफी

माळवाडी, कवठे येमाई
६ जानेवारी २००३

चि. चांगदेव यास आक्काचा सप्रेम जयभीम. सौ. रंभा, विनोद आन् प्राची यांस अ. उ. आ. इकडे सगळं ठीक. गुडघा दुखतो, पण तो दुखतो म्हणून मी बसून राहणारी नाही हे तुला ठाऊक आहे. तेव्हा त्याच्यावर परत पानभर उपदेश लिहू नकोस.

पत्रास कारण कॉफी. हसू नकोस, पुढं वाच.

आमच्या बायकांच्या बचत गटाचं तुला सांगितलं होतं. अध्यक्ष साखरबाई, पोपटरावांची मंडळी. सचिव मी. कारण लिहायचा कंटाळा न करणारी मी एकटीच निघाले. तू शाळेतून आलास की पाटीवरचं मी चुलीपुढं राखेत गिरवायची, ते असं कामी आलं बघ. बैठक दर महिन्याला एकीच्या घरी असते. पहिली साखरबाईकडं झाली. तिथं त्यांच्या बायकांना कपबशा आल्या आन् आपल्या आळीतल्या आम्हाला प्लॅस्टिकचे पेले. कप कमी पडले म्हणाली. मी फळीकडं बघितलं, फळीवर कप पालथे घातलेले होते की! पण पहिलीच बैठक, म्हणून गिळून टाकलं. आता सगळ्यांची फेरी होत आली. आपल्या आळीतल्या बाकीच्यांनी घर लहान म्हणून पाळी माझ्यावर सोडली, मार्चात ती शेवटची पाळी माझी.

काल साखरबाई बँकेच्या कागदावर माझी सही घ्यायला घरी आली. संगं तिची सून सविता. मी आलं ठेचून चहा टाकला. चांगली उकळी फुटली, कपात ओतला, तवा साखरबाई म्हणाली की, तुमी कशाला तरास घेतला ताईबाई, मी तर चहा सोडला. पित्त होतंय. आता आपली कॉफीच. सवितानं कप उचललेला होता. तिनं सासूकडं बघितलं आन् हळूच खाली ठेवला. पोरीचा काय दोष. वाफ निघत होती कपातून आन् मी त्या वाफेकडं बघत बसले.

तुला आठवत नसेल, तू लहान होतास. पोपटरावांच्या गोठ्याच्या भिंतीत एक खोबण होती, तिच्यात आईचा कान तुटका कप ठेवलेला असायचा. अंगण झाडून झालं की आई तो स्वतः विसळून पुढं धरायची आन् चहा वरनं पडायचा. साखरबाई तेव्हा लग्न होऊन आलीही नव्हती. गोठा पडला, भिंत गेली, खोबण मात्र कुणाकुणाच्या डोक्यात तशीच राहिली.

मला तिच्या घोटाची भूक नाही. पण मार्चाच्या बैठकीत माझ्या घरात एकीलाही सबब राहू द्यायची नाही, असं मी ठरवलंय. तर कॉफी कशी करतात, काय भावानं पडते, ते सविस्तर कळव. इथं हौसरावाच्या दुकानात विचारलं, तर म्हणतो की मावशी, रुपयाची पुडी येते, पण आपल्यात कोण पितंय, तुमाला कशाला पायजे? कशाला पायजे म्हणे!

उत्तराला उशीर केलास तर कान धरायला दौंडला येईन.

तुझी,
आक्का

*

दौंड
१४ जानेवारी २००३

ती. आक्कास चांगदेवचा सविनय जयभीम. वि. वि. तुझं पत्र रंभानं मोठ्यानं वाचून दाखवलं. ती हसली, प्राची हसली, आणि मी चिडलो.

आक्का, तुला गरज काय? ती पीत नाही तर नको पिऊ दे. आमच्या रेल्वेच्या शेडमध्येही असे नग होते. माझ्या हातचा पाना चालायचा, हातचं पाणी नाही चालायचं. मी कुणाच्या मागं पेला घेऊन फिरलो नाही. माझं काम चोख ठेवलं, डबा माझा मी खाल्ला. आपण कुणाची मनधरणी करायची नाही, हे तूच मला शिकवलंस ना? आणि एक लिहून ठेव. कॉफी दिलीस की तिचं पित्त कॉफीनं वाढेल. सबबीला काय, भांडवल लागत नाही.

असो. तू ऐकणार नाहीस हे माहीत असल्यामुळं आता कॉफीचं सांगतो.

आमच्या घरात यावर रोज भांडण आहे. प्राची अभ्यासाला जागते, तिला कॉफी लागते. तिचं म्हणणं, बाटली आणा, बाटलीतला कप पुडीपेक्षा स्वस्त पडतो. तिनं हिशेब करून दाखवला आणि हिशेब बरोबर आहे. पण तुझ्या भावजयीनं गेल्या पावसाळ्यात त्या बाटलीत ओला चमचा घातला. कॉफीचा असा दगड झाला की मी स्क्रू-ड्रायव्हर लावून फोडला. निम्मी बाटली मोरीत गेली. मग कुठं राहिला स्वस्तपणा? पुडीचं बरं, फाडली की संपली. एका माणसाची एक. दमट होत नाही, सांडत नाही, कुणी जास्त घालत नाही. तुझ्याकडं वर्षातनं एखादा कप लागणार, त्याला बाटली कशाला? पुडीच सोयीची.

कृती अशी: कपात पुडी, साखर आणि थेंबभर पाणी घालून चमच्यानं फेटायचं, पांढरट झालं की वरून कडकडीत दूध. हात भरून येतो, पण फेस छान येतो. विनोद रांजणगावच्या कंपनीत ड्युटीला जातो, त्याच्या हाती पुड्यांची माळ पाठवत आहे. शॅम्पूसारखी लांबलचक असते, खिळ्याला टांगून ठेव.

राग मनात धरू नये, कारण तो आधीच माझ्या मनात आहे.

तुझा,
चांगदेव

*

माळवाडी
९ फेब्रुवारी २००३

चि. चांगदेव यास आक्काचा जयभीम व आशीर्वाद. पुड्यांची माळ पोचली. विनोदला पिठलं-भाकरी करून घातली, पोरगं वाळलंय, रंभाला सांग.

पहिली पुडी मीच फाडून बघितली. तुझ्या कृतीनं फेटून फेटून दंड भरून आला. चव म्हणशील तर करपलेल्या भाकरीचा पापुद्रा दुधात भिजवल्यासारखी. एवढ्यासाठी प्राची जागते? पण वास मात्र बरा वाटला. माळ चुलीजवळच्या खिळ्याला लावली. येणारी-जाणारी विचारायला लागली की ताईबाई, शांपू लई घेतला.

आता मुद्द्याचं. परवा आम्हाला शिरूरला बँकेत जायचं होतं. जीप आमच्या आळीच्या तोंडाशी थांबते, म्हणून साखरबाई माझ्याकडं येऊन टेकली. मी मनात म्हणलं, सापडली. दूध तापलेलंच होतं. सरळ विचारलं की कॉफी घेणार ना? एक क्षण तिचा चेहरा असा झाला, जणू मांजर तिच्या पायातनं गेलं. मग म्हणाली की घेतली असती, पण मला बिनसाखरेची लागते. मी म्हणलं, साखर घालतंय कोण? आन् माळेतली एक पुडी तोडून फाडायला घेतली.

तर चांगदेव, तिनं काय करावं? माझ्या हातातनं ती पुडी अलगद काढून घेतली. म्हणाली की आगं बया, हीच तर मी घेते! आता जीप येईल, घाईत मजा न्हाई. ही मी घरी जाऊन पिते. तुमच्याकडं प्याल्यासारखंच झालं की! आन् पुडी कमरेच्या पिशवीत, पिशवीला गाठ.

मी चमचा धरून उभी. वाटेत जीपमध्ये मला कळलं काय झालं ते. पुडी कंपनीतनं बंद होऊन आलेली. तिला माझं पाणी लागलेलं नाही, माझा चमचा लागलेला नाही, माझ्या चुलीची वाफ लागलेली नाही. तू सोयीची म्हणालास ना? सोयीची खरी, फक्त सोय तिची झाली.

एवढ्यावर थांबली असती तरी मी हसून सोडलं असतं. कोंढापुरीच्या स्टँडवरच्या केळीवाल्यासारखा आवाज चढवून ती सगळ्या जीपला ऐकू जाईल असं म्हणाली की मार्चापासून बैठका शाळेच्या व्हरांड्यात घेऊ, सगळ्यांना सोयीचं पडतं, कुणाच्या घराला चहापाण्याचा ताप नको. त्यांच्या सगळ्यांच्या घरी बैठक झाली, आन् नेमकी माझी पाळी आली की घरांना ताप होतो? मी तिथंच सांगितलं की साखरबाई, व्हरांड्याचं पुढं ठरवा. फेरी माझ्या दारात येऊन मोडायची नाही. मार्चाची बैठक माझ्याकडं. नाहीतर नवीन सचिव शोधा आन् ठराव तिच्याकडनं लिहून घ्या. वच्छलाबाई, आपल्या शेजारची, तिनं नुसता माझा हात दाबला.

तू खरा ठरलास. सबबीला भांडवल लागत नाही. पण मी मागं हटणार नाही, एवढंही लिहून ठेव.

माया कमी होऊ देऊ नकोस, मला सध्या ती लागते आहे.

आक्का

*

दौंड
१७ फेब्रुवारी २००३

ती. आक्कास सविनय जयभीम. वि. वि. तुझं पत्र वाचलं. या वेळी घरात कुणीच हसलं नाही. प्राची तर ताट सारून उठली.

मी तुला पहिल्या पत्रात गप्प बसायला सांगितलं, ते मागं घेतो. तू तिच्या मागं पेला घेऊन फिरत नाहीस, ती तुझ्या घराची पाळी खोडून टाकायला निघाली आहे. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, मला उशिरा कळलं. रंभाला लगेच कळलं होतं. ती म्हणते, भावजींना नाही, मला विचारायचं होतं आक्कांनी. भावजी कोण, तर मीच! चिडली की नवऱ्याला परका करते.

पुडीचा नाद सोड. विनोदच्या हाती बाटली पाठवली आहे, मोठी. महाग पडली आणि शिल्लक राहिली तर तिचा दगड होणार हेही नक्की, पण या कामाला तीच पाहिजे. आणि नीट बघून घे. दुकानातून आणली तशी बंद नाही. झाकण मी इथं उघडलं. आतला चंदेरी कागद प्राचीनं फाडला. तिच्यातली एकेक कप कॉफी आम्ही चौघांनी प्यायली, चमचा आमच्या डब्यातला, हात आमचे. आता ही दौंडच्या आपल्या घरातली उष्टावलेली बाटली आहे. कुणाला पिशवीत घालून न्यायची असेल तर खुशाल नेऊ दे.

कप एकसारखे आहेत ना तुझ्याकडं? नसतील तर वच्छलाबाईचे घे. एकही प्लॅस्टिकचा नको.

आम्ही सगळे त्या दिवशी तुझ्याकडंच असू, आठवणीनं.

तुझा,
चांगदेव

*

माळवाडी
११ मार्च २००३

चि. चांगदेव, सौ. रंभा, विनोद, प्राची, तुम्हा सगळ्यांना आक्काचा कडक जयभीम. आज आधी बातमी, मग खुशाली.

काल बैठक झाली. माझ्या घरात झाली. सगळ्या आल्या. साखरबाईही आली. न येऊन सांगते कुणाला, अध्यक्षच ती.

चहा मी केलाच नाही. मोठं पातेलं दुधाचं ठेवलं, सगळ्यांच्या देखत बाटली सतरंजीच्या मधोमध मांडली आन् तिच्यातली कॉफी चमच्यानं मोजून त्याच एका पातेल्यात घातली. फेटाबिटायच्या भानगडीत पडले नाही. साखर घातली नाही. साखरेची वाटी फिरवली, जिची तिनं घ्यावी. का, तर आमच्या अध्यक्षबाई बिनसाखरेची घेतात. तसं मी मोठ्यानं सांगितलंसुद्धा.

कप सगळ्यांच्या पुढं गेले. साखरबाईनं कपाकडं बघितलं आन् म्हणाली की आज सोमवार, माझा उपास. मी काही बोलायच्या आत म्हाळसा, त्यांच्याच भावकीतली, पटकन बोलून गेली की उपासाला कॉफी चालते की वो, मी तर सकाळपासनं चहावरच हाय. कुणीतरी फिसकन हसलं. तरी कप तसाच.

मग सवितानं आपला कप उचलला. या वेळी सासूकडं बघितलंच नाही. प्याली, ओठ चाटले आन् अगदी भोळेपणानं म्हणाली की कॉफी अशी लागते व्हय! आमच्यात कधी आलीच न्हाई. ती आत्याबाईंनी आणलेली एक पुडी तेवढी हाय, ती खिडकीत तशीच पडलीया.

चांगदेव, सगळ्या साखरबाईकडं बघायला लागल्या. मला वाटलं होतं की या वेळेला मला लई आनंद होईल. झाला. खोटं कशाला लिहू? पण तिचे कान लाल झालेले बघितले, तवा मी नजर काढून घेतली आन् ठरावाच्या वहीत उगंच तारीख परत गिरवत बसले.

तेवढ्यात बशी वाजली. तिनं कप उचलला होता. एक घोट घेतला. बिनसाखरेची, कडू, करपलेली! स्वतःच मागितलेली. तोंड असं वाकडं झालं की मला हसू आवरेना, पण आवरलं. दुसरा घोट घेतला. गिळेना. मी हळूच विचारलं की साखर घालू का?

तिनं कप माझ्यापुढं धरला.

मी माझ्या डब्यातनं, माझ्या चमच्यानं साखर घातली. तोच चमचा कपात फिरवला, तळापर्यंत फिरवला, आवाज होऊ दिला. तिनं सगळी कॉफी पिऊन कप खाली ठेवला. मग सगळे कप एकाच बादलीत घालून विसळले आन् एकाच फळीवर पालथे मांडले. तिचा कुठला ते आता मलासुद्धा सांगता येणार नाही.

व्हरांड्याचा विषय कुणी काढला नाही. मीही काढला नाही. मी वहीत लिहिलं की पहिली फेरी पूर्ण, पुढची बैठक नियमाप्रमाणं पहिल्या घरी, अध्यक्षांच्या. वाचून दाखवलं, सगळ्यांनी सह्या केल्या. तिनंही केली.

जाताना तिला दारात गाठून सांगितलं की साखरबाई, मी कॉफी पीत नाही. मला तुमच्याकडं चहाच लागेल, आलं घातलेला. आन् प्लॅस्टिकच्या पेल्यात गरम लागत नाही, तेव्हा फळीवरच्या कपात. ती थांबली. म्हणाली की बरं. एवढंच. ते बरं कसलं होतं ते मला पुढच्या महिन्यात कळेल. नाही कप निघाला, तर मी फळीवरचा हातानं काढून घेईन. विसळायचा कुणी ते त्यांचं त्यांनी बघावं.

बाटलीत अजून बरीच उरली आहे. रंभाला सांग, मी कोरडाच चमचा घालते.

तुमच्या सगळ्यांच्या जिवावर ताठ असलेली,
आक्का