माझे पाय वेदीकडे ठेवा

मी, खाली सही करणारा, वय वर्षे ब्याऐंशी, पेशाने धर्मगुरू, आता निवृत्त, राहणार चर्चसमोरच्या दोन खोल्यांच्या घरात, हे मृत्युपत्र माझ्या हाताने आणि माझ्या मर्जीने लिहून ठेवतो. बुद्धी शाबूत आहे. गुडघे नाहीत, पण कायदा गुडघ्यांची चौकशी करत नाही. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. दडपण आणायला दोन्ही बाजूंची माणसे येऊन गेली हे खरे. दोघांनाही मी चहा पाजला आणि "बघू" म्हणून वाटेला लावले. ते "बघू" म्हणजे हा कागद.

यापूर्वी एक मृत्युपत्र केले होते, ते रद्द समजावे. ते रागात लिहिले होते. गद्यालाही एक चाल असते आणि रागात ती आधी बिघडते.

वाटण्यांआधी भांडण सांगतो, कारण मागे ठेवण्यासारखी माझी मोठी इस्टेट तीच आहे.

आमच्या एका चर्चमध्ये सध्या दोन चर्च आहेत. रविवारी सातची मिस्सा, म्हणजे सामुदायिक उपासना, जुन्या पद्धतीची असते: लॅटिन भाषेत, धर्मगुरू वेदीकडे तोंड करून उभा, लोकांना त्याची पाठ दिसते. नऊची मिस्सा आपल्या भाषेत, लोकांकडे तोंड करून, गिटारीवर. सातची माणसे बाजूच्या दाराने निघून जातात, नऊची समोरच्या दाराने आत येतात, आणि मध्ये फाटकापाशी गाठ पडलीच तर दोघेही आभाळाकडे बघतात, जणू पाऊस येणार आहे. नवख्याला वाटेल, सातला म्हातारे येत असतील. नाही. सातला तरुण येतात, कडेवर पोरे घेऊन. नऊला आम्ही पांढऱ्या केसांचे. जुने हवे आहे ते तरुणांना, आणि नवे जपत बसलेत म्हातारे.

सातची मिस्सा करतो तो इथला आताचा मुख्य धर्मगुरू, माझ्या धाकट्या भावाचा मुलगा. पायघोळ काळ्या झग्याशिवाय तो दूध आणायलाही जात नाही, म्हणून लोक त्याला लांबझगे म्हणतात. नऊची मिस्सा माझी होती. गुडघे गेल्यापासून शेजारच्या चर्चचे माझ्याच वयाचे फादर येऊन करतात. पण तिथले राज्य निवृत्त नर्सबाईंचे. गिटार त्यांची, गाणी त्यांची, आणि आवाज असा की वॉर्डातला बेशुद्ध माणूस उठून बसावा.

प्रश्न माझ्या दफनाचा आहे. पुतण्या म्हणाला, "काका, तुमच्यासाठी मी जुनी मिस्सा करणार. पूर्ण. काळी वस्त्रे, लॅटिन, सगळं."

नर्सबाई म्हणाल्या, "फादर, तुमच्या मिस्सेत लॅटिनचा एक शब्द जरी आला, तर मी मधेच उठून गिटार वाजवीन. आणि मला अडवायला तुम्ही नसाल!"

दोन वेगवेगळ्या मिस्सा करू, असेही कोणीतरी सुचवले. मी एकच आहे. मला हप्त्याहप्त्याने पुरता येणार नाही. माझ्या पेटीवरून ही माणसे कायमची तुटली, तर मी पन्नास वर्षे इथे केले काय? म्हणून हे लिहितो आहे. आता वाटण्या.

कलम पहिले. घर. हे माझ्या आईचे, चर्चचे नाही. माझी थोरली बहीण, जिला सगळे अक्का म्हणतात, ती हयात असेपर्यंत घर तिचे. बँकेत जे काही असेल तेही तिच्या औषधपाण्याला. तिच्या खुर्चीवर कोणी बसू नये. ती नसतानाही तिला कळते.

अक्काच्या मागे हे घर दोन्ही मिस्सांच्या मधल्या वेळात चहासाठी उघडे ठेवावे. घराची किल्ली नर्सबाईंकडे आणि कपबशा-साखरेच्या कपाटाची किल्ली पुतण्याकडे राहील. एकट्याला चहा करता येणार नाही. ही अट मोडल्यास घर नगरपालिकेला जावे, म्हणजे मग दोघांनाही चहा नाही.

कलम दुसरे. खाट. तिची कथा सांगावी लागेल, कारण पुतण्या तिच्या खुरांकडे बघतच माझ्याशी बोलतो.

मी इथे आलो तेव्हा पंचविशीत होतो. रोमहून नवे नियम आले होते: आपल्या भाषेत बोला, लोकांकडे बघा. आम्हा तरुणांना वाटले, आतापर्यंत शाळेच्या बंद खिडकीआडून कविता नुसती पुटपुटल्यासारखी ऐकू येत होती, आणि आज दारच उघडले. आम्ही वेदी पुढे ओढली आणि तिच्यासमोरचा लाकडी कठडा काढला. त्या कठड्यापाशी लोक गुडघे टेकून प्रसाद घेत. सुताराला म्हटले, "याचं काय करू?" तो म्हणाला, "फादर, सागवान आहे, जाळलंत तर पाप लागेल." "मग?" "मग झोपा त्यावर." आणि त्याने खाट करून दिली. आजवर तिने एकदाही कुरकुर केलेली नाही. माझ्याबद्दल तेवढे कोणी म्हणणार नाही.

पुतण्या एकदा म्हणाला, "काका, लोक जिथे गुडघे टेकायचे, तिथे तुम्ही लोळता."

मी म्हटले, "अरे, गुडघे मीही टेकतो. उठता येत नाही म्हणून लोळतो."

तो हसला नाही. म्हणाला, "तुम्ही वेदी लोकांकडे फिरवलीत आणि लोक दाराकडे फिरले."

ते वाक्य लागले. लागले म्हणजे इतके चांगले होते की आपल्याला आधी का सुचले नाही असे वाटले. उत्तर दुसऱ्या दिवशी सुचले, आणि दुसऱ्या दिवशी सुचलेले उत्तर शिळ्या भाकरीसारखे, स्वतःच खावे लागते. कठडा काढल्याचा मला पश्चात्ताप नाही. तरी माझ्यामागे खाट मोडून कठडा चर्चला परत द्यावा. ज्याला गुडघे टेकायचे आहेत त्याला टेकू द्यावेत. मात्र त्या कठड्याला मध्यभागी एक छोटे दार होते. ते आता माझ्या बागेचे फाटक आहे. ते परत मिळणार नाही. कठडा घ्या, मधली जागा उघडी राहील.

कलम तिसरे. माझी शाळेतली कवितांची पुस्तके इथल्या शाळेच्या चौथीच्या वर्गाला द्यावीत. समासात पेन्सिलीने लघु-गुरूच्या खुणा आहेत, त्या खोडू नयेत. नर्सबाई वाजवतात ती गिटार मुळात माझी, ती आता त्यांचीच. तिसरी तार लावून घ्यावी, असे वीस वर्षे सांगतो आहे. माझी काळी छत्री चर्चच्या खजिनदारांकडे आहे ती त्यांनाच राहू द्यावी. संपात मी गिरणीच्या दारासमोर खोक्यावर मिस्सा केली, तेव्हा ते मला लाल फादर म्हणाले होते, आणि त्याच दिवशी भिजू नये म्हणून माझीच छत्री घेऊन गेले. आता दोन्ही माफ.

संपाचे निघाले म्हणून सांगतो. पुतण्याचे म्हणणे, "काका, तुम्ही देवाला मोर्च्यात नेलंत."

"मी कुठला नेतोय? तो आधीच पोचला होता. मला उशीर झाला."

मग गेल्या निवडणुकीच्या तोंडावर त्याने असे प्रवचन दिले की नर्सबाई अर्ध्यातून उठल्या. बाहेर गाठून त्यांनी विचारले, "हे प्रवचन होतं की प्रचार?" तो म्हणाला, "काकांनी केलं तो धर्म आणि मी केलं ते राजकारण, असं कसं बाई?" मी कट्ट्यावर बसून ऐकत होतो. दोघांनी माझ्याकडे बघितले. मी आभाळाकडे बघितले. या प्रश्नाचे उत्तर मला अजून आलेले नाही, ते कोणाच्या वाट्याला लिहून देता येत नाही.

कलम चौथे लिहिण्याआधी अक्काबद्दल दोन शब्द. मी आपल्या भाषेत पहिली मिस्सा केली, त्या दिवशी मोठ्या आशेने तिला विचारले, "आज सगळं कळलं ना?" ती म्हणाली, "कळलं. पूर्वी मला कळत नव्हतं आणि देवाला कळत होतं. आता मला कळतं, त्याचं तू बघ." पुढे पन्नास वर्षे माझ्याच मिस्सेला आली, एक अक्षर बोलली नाही. पुतण्याने सातची सुरू केली तेव्हापासून ती सातलाही बसते आणि नऊलाही. म्हणते, "एक देवासाठी, एक भावासाठी. कुठली कोणासाठी ते विचारू नका." दोन्हीकडे जाणारी ती एकटीच.

गुडघ्यांचे ऑपरेशन झाल्यावर तिने मलाही सातला नेले. उभे राहता येईना, म्हणून जन्मात पहिल्यांदा शेवटच्या बाकावर बसलो, नुसता बसलो. समोर पुतण्याची पाठ. मी रागावायच्या तयारीने गेलो होतो. पण त्याच्या डोक्यावर मागे दोन भोवरे आहेत, माझ्या भावाला होते तसेच. ते दिसले आणि माझे चित्त पोचले ते थेट वडिलांच्या सायकलीवर. लहानपणी मी मागच्या कॅरियरवर बसत असे. वडील पुढून कवितेची ओळ म्हणत, मी मागून. समोर फक्त त्यांची पाठ, सदऱ्यावर घामाचा नकाशा. ओळीचा अर्थ मला कळत नसे, नुसती चाल कळे. अर्थ कुठल्याशा संध्याकाळी, पन्नाशीत, एकदम येऊन बसला. त्या पाठीमागे बसून मला एकदाही वाटले नाही की वडिलांनी माझ्याकडे पाठ फिरवली. आम्ही दोघे एकाच रस्त्याने शाळेला चाललो होतो, एवढेच.

अक्का शेजारी लॅटिन पुटपुटत होती. माझी बोटे नकळत गुडघ्यावर लघु-गुरू मोजायला लागली.

घरी येऊन पुतण्याला काही सांगितले नाही. एकदम एवढे दिले तर तो शेफारेल. आता सांगतो.

कलम चौथे. दफन. मिस्सा एकच होईल, सातला नाही, नऊला नाही, आठ वाजता. ती पुतण्याच करील. गाणी नर्सबाईंची. कबरीपाशी म्हणायची ती जुनी लॅटिन प्रार्थना अक्का सुरू करील आणि ज्यांना येते ते म्हणतील. ज्यांना येत नाही त्यांनी चाल ऐकावी. नर्सबाईंनी तेवढा वेळ गिटार खाली ठेवावी, ही विनंती.

आता पेटी. आमच्यात रीत अशी: इतरांची पेटी चर्चमध्ये पाय वेदीकडे करून ठेवतात, उठून बसला तर समोर वेदी दिसेल. धर्मगुरूची उलटी, डोके वेदीकडे, उठून बसला तर समोर लोक, जन्मभर दिसले तसे. माझी पेटी इतरांसारखी ठेवावी. पाय वेदीकडे.

पन्नास वर्षे मी लोकांच्या तोंडाकडे बघत मिस्सा केली आणि त्यातला एकही दिवस मला परत द्यायचा नाही. कोण रडलेला आहे, कोण भांडून आला आहे, कोणाचे मूल तापाने फणफणले आहे, सगळे तिथून दिसते. पण ते सगळे जिकडे बघत होते, तिकडे मी त्यांच्यात बसून, ती एक सकाळ सोडली तर, कधी बघितलेच नाही. तेवढे राहिले आहे. त्या दिवशी मला त्यांच्या ओळीत ठेवा.

आणि बाळा, त्या एका मिस्सेला तू वेदीच्या पलीकडे उभा राहा, लोकांकडे तोंड करून. मी तुझ्या बाजूने बघतो, तू माझ्या बाजूने बघ. सातचे आणि नऊचे एकाच बाकावर दाटीवाटीने बसलेले असतील. कोण कुठला ते शोधत बसू नकोस, नुसते बघ. दुसऱ्या दिवसापासून तुला हवे तसे कर. तू म्हणशील, परंपरा मोडते. परंपरा मोडण्याची ही माझी शेवटची खेप समज.

कलम पाचवे. या मृत्युपत्राचा अंमल पुतण्या आणि नर्सबाई यांनी मिळून करावा. दोघांच्या सह्या लागतील. कबरीच्या दगडावर मी केलेल्या कविता कोरू नयेत. त्या मला माहीत आहेत कशा आहेत.

अंमल त्याला करायचा, म्हणून सही करण्याआधी हे पुतण्याला वाचायला दिले. खाटेच्या कडेवर बसून त्याने सगळे वाचले. कागदाची घडी घातली. मग म्हणाला, "काका, पेटी तशी ठेवली तर तुमचं डोकं दाराकडे येईल."

"येऊ दे."

"वारा लागेल."

"मेलेल्याला?"

"तुम्हाला सर्दी लवकर होते," तो म्हणाला आणि झगा सावरत निघून गेला. हो म्हणाला नाही. नाहीही म्हणाला नाही.

आज सकाळी अक्का चर्चमधून आली ती पदराने तोंड झाकून हसत. म्हणाली, "तुझा पुतण्या वेदीमागे उभा होता. एकटाच. रिकाम्या बाकांकडे बघत."

"काय करत होता?"

"लाजत होता," अक्का म्हणाली. "येईल त्याला. सवय नाही ना."

वर लिहिलेले सर्व मी वाचून, समजून, शेवटच्या मजकुरासह कायम करतो.

ठिकाण : बाहेरची खोली, खिडकीपाशी
दिनांक : आठ मार्च, रविवार, दोन्ही मिस्सांच्या मध्ये

सही : लिहून ठेवणार, अक्काचा धाकटा भाऊ

माझ्यासमोर व एकमेकांसमोर सही करणारे साक्षीदार, ज्यांना या मृत्युपत्रात काहीही मिळत नाही :
१. कोपऱ्यावरचे दातांचे डॉक्टर, जे कुठल्याच मिस्सेला येत नाहीत (सही)
२. सायकल दुरुस्त करणारे शेजारी, ज्यांनी शेवटचे पान दोनदा वाचले (सही)