डोंगर चढेपर्यंत चहा बंद

३० नोव्हेंबर, रविवार
आज सकाळी प्रवचनात मी उठून उभा राहिलो.
मागच्या भिंतीजवळ, नेहमीच्या जागी मांडी घालून बसलो होतो. महाराजांनी विचारलं, टप्प्याचा डोंगर आपल्या पायांनी चढून वरच्या बस्तीच्या गाभाऱ्यात पार्श्वनाथांचं दर्शन घेईपर्यंत चहा सोडण्याचा नियम कोण घेतं? नियमाची वेळ आली की आपला समाज सतरंजीच्या नक्षीचा अभ्यास करतो. नेमका त्याच क्षणी मी उठलो. डाव्या पायाला मुंग्या आल्या होत्या, हा भाग वेगळा. आतून हाक आल्याशिवाय पाय असा वेळेवर बधिर होत नाही. महाराजांनी मोरपिसांची पिंछी उचलून आशीर्वाद दिला. लोकांनी जयजयकार केला. आता खाली बसणं बरं दिसलं नसतं, आणि पाय दुमडत नसल्यानं जमलंही नसतं.
मग बायकांच्या बाजूनं श्रद्धा उठली. माझी बायको. आमचे हे डोंगर चढून येईपर्यंत माझाही चहा बंद, म्हणाली.
याची गरज नव्हती. ती चहा पीत असताना आमच्या घरी कुणी बोलत नाही, इतकं तिचं त्यात चित्त असतं.
बाहेर चपला शोधताना गोमटेश भेटला. माझ्या खतांच्या दुकानाशेजारी त्याचं पंपांचं दुकान. म्हणाला, "अण्णा, पायाचा त्रास हाय तर मागं खुर्च्या असत्यात की."
खुर्च्या म्हाताऱ्यांसाठी. मला अजून पन्नास पूर्ण नाहीत.
येत्या रविवारी डोंगर. सोमवारी चहा.

२ डिसेंबर
डोंगराचा अभ्यास सुरू. ब्राह्मीनं (मुलगी, बेळगावात कॉलेजला) मोबाईलवर माहिती पाठवली. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथं लाव्हा वाहिला. एक थर थंड झाला की त्यावर दुसरा. म्हणून डोंगराला टप्पे. म्हणजे निसर्गानं जिनाच बांधून ठेवलाय, लोक उगाच दमतात.
पूर्वेकडून पायऱ्या आहेत. त्या यात्रेकरूंसाठी. मी पश्चिमेकडून, कातळाच्या टप्प्यांवरून नवा रूट काढणार.
ब्राह्मीनं खाली लिहिलंय, पप्पा, पायऱ्यांनी जा. तरुण पिढीत साहस उरलेलं नाही.

७ डिसेंबर, रविवार
सांबऱ्याला भाच्याचं लग्न. डोंगर पुढच्या रविवारी.
लग्नात सगळ्यांना माझ्या नियमाची माहिती होती. श्रद्धानं सांगितली असणार. अभिमान, दुसरं काय. मामांनी विचारलं, चढलास का? मी त्यांना लाव्ह्याबद्दल सांगितलं. ते पंगतीला गेले.

१० डिसेंबर
बेळगावला जाऊन कॅम्पातून ट्रेकिंगचे बूट आणले. चामडं नाही ना, हे दुकानदाराला फिरून फिरून विचारलं. शेवटी तो म्हणाला, काका, यात जनावर नाही, नुसतं प्लॅस्टिक आहे.
श्रद्धाचं दुपारी डोकं दुखतं. मी तिला मनोनिग्रहाबद्दल थोडं सांगितलं. माझं कुठं दुखतंय?
(दुकानासमोरच्या हॉटेलात कॉफी चांगली मिळते. नियम चहाचा आहे.)

१४ डिसेंबर, रविवार
पश्चिम रूट, पहिला प्रयत्न. अत्यंत यशस्वी.
पहिल्या टप्प्याच्या पायथ्यापर्यंत गेलो. काळा कातळ सरळ उभा. त्यात लहान लहान भोकं, लाव्ह्यातले बुडबुडे. एका भोकात पांढरे स्फटिक. बराच वेळ निरीक्षण केलं. दरम्यान कोल्हापूरकडची काही पोरं आली, रील काढली, वर चढून दिसेनाशी झाली. अशा लोकांना डोंगर कळत नाही.
वर गवत फार वाळलेलं. गवतात किडामुंगी असते. जीवदयेचा विचार करून परतलो.
श्रद्धानं दारातच विचारलं, दर्शन झालं? मी तिला स्फटिक दिला. तिनं तो तुळशीपाशी ठेवला.

२१ डिसेंबर, रविवार
धुकं. खिडकीतून डोंगर दिसतच नव्हता. न दिसणाऱ्या गोष्टीवर चढणं हा निव्वळ अविचार.

४ जानेवारी, रविवार
दुसरा प्रयत्न. पहिल्या टप्प्यावर पोहोचलो! उतरताना बसून घसरावं लागलं. पँटचं मागचं कापड डोंगराला अर्पण.
वर कड्याला आग्या मोहोळ आहे. म्हणजे खालून तरी तसं वाटलं. मधमाश्यांना त्रास नको.
गोमटेशनं विचारलं, पायऱ्या काय वाईट हैत? मी सांगितलं, वाईट नाहीत, सोप्या आहेत. तो हसला. पंप विकणाऱ्या माणसाला चढाचं तत्त्वज्ञान कसं कळणार? त्याचं पाणी मोटारीनं चढतं.

१५ जानेवारी
संक्रांतीचं येणंजाणं. आल्यागेल्याला चहा. श्रद्धानंच केला, आलं-वेलची घालून. तिची चुलत जाऊ पीत बसली होती. श्रद्धा तिच्या कपाजवळ जरा जास्त वेळ वाकून बोलत राहिली. मी बाहेर गेलो.
डोंगर येत्या रविवारी. नक्की.

१८ जानेवारी, रविवार
नवा विचार. आमची सगळी निपाणी लाव्ह्याच्या थरांवर वसलेली आहे. आपली काळी मातीसुद्धा त्याच कातळाची. म्हणजे शास्त्रीय दृष्टीनं मी जन्मल्यापासून डोंगरावरच आहे. नियम पूर्ण झाला, असं एखादा म्हणू शकेल.
श्रद्धाला सांगितलं. ती भाकरी थापत होती. थापत राहिली.

२५ जानेवारी, रविवार
बुटांनी टाच सोलली. डोंगर साडेसहा कोटी वर्षं थांबलाय. आणखी एक आठवडा त्याला जड नाही.

७ फेब्रुवारी, शनिवार
श्रद्धा म्हणाली, उद्या महिला मंडळ पायऱ्यांनी बस्तीला जाणार आहे, सामान धरायला माणूस पाहिजे. मी विचार केला, पूर्वेकडची पाहणी केल्याशिवाय पश्चिमेचा रूट पक्का होत नाही. होकार दिला. हे चढणं नव्हे, रेकी.

८ फेब्रुवारी, रविवार
माझ्याकडे पिशवी. पिशवीत पूजेचं साहित्य, सतरंजी आणि मोठा थर्मास. थर्मासमध्ये काय, हे मी विचारलं नाही.
पहिल्या टप्प्यावर बसलो. दुसऱ्यावर टेकलो. तिसऱ्यावर मंडळातल्या मंगलकाकू मला मागं टाकून गेल्या. त्यांच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालेलं आहे. जाताना म्हणाल्या, "शांतिनाथ, पिशवी दे हिकडं, तुला व्हणार न्हाय." दिली नाही. श्रद्धा माझ्या दोन पायऱ्या पुढं होती. मी थांबलो की थांबायची, मागं वळून मात्र बघायची नाही.
वर पोहोचलो तेव्हा कुणी जयजयकार केला नाही. बायका अभिषेकाच्या तयारीला लागल्या होत्या.
दर्शन घेतलं. डोळे मिटले, आणि लाव्हा, रूट, टप्पे, काहीच आठवलं नाही. बराच वेळ तसाच उभा होतो. हे इथं लिहायचं नव्हतं.
नंतर बाहेर कातळावर श्रद्धानं थर्मास उघडला. आधी स्वतःला ओतला. दोन्ही हातांनी कप धरला आणि डोळे मिटून प्यायली. तिच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं आली आहेत. कधी आली, मला माहीत नाही.
मी म्हणालो, त्या दिवशी मी उठलो ते म्हणजे...
ती म्हणाली, "पायाला मुंग्या आलत्या. बायकांच्या बाजूनं दिसत हुतं. पोटरी चोळत उठलासा."
मग तू कशाला उठलीस?
"तुमी एकटं असता तर दुसऱ्या दिवशीच च्या पिऊन मोकळं झाला असता." दुसरा कप तिनं माझ्यासाठी भरला. "आन् कॉफीचा वास शर्टाला लागतोय."
मी चहा घेतला. फिका लागला. इतक्या दिवसांत जीभ कॉफीला चटावली आहे. हे तिला सांगितलं नाही. सांगायची गरज असेल, असं वाटत नाही.

११ फेब्रुवारी
पोटऱ्या लाकूड झाल्या आहेत. पश्चिमेचा रूट रद्द. त्या बाजूला डोंगर चांगला नाही.

१५ फेब्रुवारी, रविवार
महाराज पायी विहार करत पुन्हा निपाणीत आले. आज प्रवचन. कुणीतरी माझं नाव सांगितलं. त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली आणि सभेला विचारलं, आता पुढचा नियम कोण घेतं?
बायकांच्या बाजूनं श्रद्धा माझ्याकडेच बघत होती.
मी हललो नाही. पायाला मुंग्या येण्याचा प्रश्नच नव्हता. काल बाजारातून हातांची प्लॅस्टिकची खुर्ची आणली, आणि आज मागच्या खुर्च्यांच्या रांगेत, मंगलकाकूंच्या शेजारी, ती टाकून बसलो.