पाच दिवसांच्या गोळ्या

५ सप्टेंबर १९७८
उतरलो तेव्हा एसटी पुरती थांबलीही नव्हती. कंडक्टरने माझी पिशवी मागून फेकली. आत काचपट्ट्या आहेत असं मी ओरडेपर्यंत गाडी वळणापलीकडे गेली होती. एकही फुटली नाही. हा शकुन चांगलाच म्हणायचा.

नागपूरहून अडीच तास. फाट्यावर धोंडबाची चहाची टपरी, तिच्यामागे सागाच्या रानातून चढत जाणारी पायवाट. आवळझिरी वर, दीड तासाच्या चढावर. बावीस घरं. मलेरिया खात्यातली ही माझी पहिली फेरी. काम साधं आहे. दर पंधरवड्याला घरोघर ताप विचारायचा. ताप असेल त्याच्या बोटातून थेंबभर रक्त काचपट्टीवर घ्यायचं. दाराच्या आत भिंतीवर छापलेल्या चौकटीत तारीख घालून सही करायची. भिंत आणि वही जुळली पाहिजे.

ताप फक्त जयवंताला होता. अंगात ताप असताना तिने ज्वारीची भाकर आणि मिरचीचा ठेचा वाढला. नको म्हटलं तर तिचा नवरा बळीराम रागावला. सुई टोचल्यावर ती हसली. "मुंगी बी यापरीस जोरानं चावते, साहेब. बामनाची सुई हाय का?"

साडेचारची गाडी मिळाली. बी.ए. करून हे काम, असं नागपुरात बर्डीवरच्या खोलीत रोज वाटायचं. आज वाटलं नाही.

१४ सप्टेंबर
जयवंताच्या काचपट्टीत मलेरिया निघाला. पाच दिवसांच्या गोळ्या द्यायच्या. आमचे सुपरवायझर महादेवराव म्हणाले, हातात ठेवून यायचं नाही, समोर गिळवायच्या. न गिळवल्या तर बाई महिनाभरात जाऊ शकते. म्हणजे पाच दिवस रोज तो चढ.

१५ सप्टेंबर
टाचेला फोड आला आहे. फाट्यावर बसलो. धोंडबाने चहा दिला आणि विचारलं, "वर काहून जाऊन राहिले जी? मागचे साहेब बी इथंच बसून लिहीत. गाव काही पळून नाही जात." टपरीतले दोघं हसले. मीही हसलो. वहीत लिहिलं : पहिला दिवस, समोर गिळविल्या. उद्या दोन दिवसांच्या एकदम देईन.

१९ सप्टेंबर
पाचवा दिवस. तिकिटं वहीला जोडावी लागतात, म्हणून रोज फाट्यापर्यंत गेलो. वर एकदाही गेलो नाही. गोळ्यांची पुडी पिशवीतच आहे. कोर्स पूर्ण, असं लिहिलं. अक्षर चांगलं आलं. बाई तशी धडधाकट वाटली होती.

२५ सप्टेंबर
शुक्रवारी महादेवराव आवळझिरीच्या भिंती तपासणार आहेत. राहिलेल्या तारखा घालायला आज वर गेलो.

बळीरामच्या भिंतीवर तारखा होत्या. पंधरा, सोळा, सतरा, अठरा, एकोणीस. पुढे माझी सही. माझ्या म-ची गाठ डावीकडे झुकते, तीसुद्धा तशीच. मी बोटाने पुसून पाहिली. जुनी होती.

जयवंता खाटेवर. ओळखू आली नाही. डोळे हळदीसारखे.

कोण आलं होतं, असं मी बळीरामला विचारलं. त्याने भिंतीवरच्या सहीकडे बोट दाखवलं. मग म्हणाला, "मजाक करता का जी? तुम्हीच आले न पाचही दिवस. दुपारी, एसटीच्या टाइमले. खाटेवर बसून तिच्या तोंडात गोळी घालत."

कसली गोळी, असं विचारलं.

"आमाले तर काही दिसे नाही तुमच्या हातात. म्हटलं, साहेबाले दिसत असन."

मी पुडी काढली. जयवंताने ओठ घट्ट मिटले. पाच दिवसांच्या वर एक गोळीही घेऊ नको, विष होईल, असं मीच तिला बजावलं होतं म्हणे.

तो मी नव्हतो, एवढं सांगायचं होतं. पण मग मी कुठे होतो तेही सांगावं लागलं असतं. पुडी पिशवीत ठेवली.

२६ सप्टेंबर
पुन्हा गेलो. सगळं सांगून टाकायचं ठरवून. शेवटच्या वळणावर थांबलो. बळीरामच्या दारातून एक माणूस बाहेर पडला. खांद्याला माझ्यासारखी पिशवी. माझी चाल. धाप नाही, घाम नाही. विहिरीवरच्या बाया त्याला रामराम करत होत्या. त्याने प्रत्येकीला ताप विचारला.

मी झाडामागे बसून राहिलो. तो पायवाटेने खाली आला नाही. कुठेच गेला नाही.

२७ सप्टेंबर
ऑफिसात महादेवरावांनी दार लोटून विचारलं. म्हणाले, "मधुसूदन, गोळ्या पोटात गेल्या नसतील तर आत्ता सांग. आत्ता जीप पाठवतो, बाईला नागपूरला मेडिकलच्या दवाखान्यात आणू. रागावणार नाही." वयस्कर माणूस. खरंच रागावले नसते.

समोर गिळविल्या, असं म्हणालो.

बोललो मीच. आवाज — माझ्या किंचित मागून आला.

२८ सप्टेंबर
धावत चढलो. त्याच्या आधी पोचायचं होतं. पोचलो नाही.

तो खाटेवर होता. रिकामी चिमूट तिच्या तोंडाशी. आणि ती — माझ्यापुढे मिटलेले ओठ — तिने तोंड उघडलं. गिळलं. घशाची हालचाल दिसली.

बळीराम दारात उभा. त्याला एकच दिसत होता. कोणता, ते —

मी आलोच नव्हतो. तीन शब्द. तोंड उघडलं होतं मी —

त्याने वर पाहिलं. राग नव्हता. सरकला. खाटेवर माझ्यासाठी जागा केली. मी —

२९ सप्टेंबर
सकाळी महादेवराव वर गेले. जयवंता पहाटे वारली होती. भिंत आणि वही जुळली. बळीरामने त्यांना सांगितलं की साहेबांनी काही कमी केलं नाही, शेवटपर्यंत येत होते.