पाचाची सात

माय, तुझं अर्धवट राहिलेलं पुस्तक मला सापडलं. इथं अमरावतीत, रद्दीच्या दुकानात, जुन्या दिवाळी अंकांच्या गठ्ठ्याखाली. मुखपृष्ठावर तोच काळा झगा, तोच पांढराफटक माणूस आणि हनुवटीवर तोच लाल थेंब. तू जाऊन सतरा वर्षं झाली, आणि ते पुस्तक तू न संपवता परत केलंस त्याला सव्वीस. मी दोन दिवसांत वाचून काढलं. या गोष्टी मला अजून तितक्याच आवडतात. वऱ्हाडातल्या गावोगावी उभी राहून, भूत नसतं, भानामती नसते, असं मी घसा फोडून सांगत आले. पण माझ्या कपाटात पुढच्या रांगेत विचारवंत असतात आणि त्यांच्या मागच्या रांगेत रक्त पिणारे बसलेले असतात, हे कुणाला माहीत नाही. हल्लीचे तर कॉलेजात जातात, प्रेमात पडतात, विरहात झुरतात. मी तेही वाचते. पण आपल्या दोघींचा तो जुना, पडक्या गढीत राहणारा, अदबीनं बोलणारा उमराव, त्याची सर यांना नाही.

रविवारी तुझा सांबारवडीचा गाडा बंद असायचा. अकोल्याच्या त्या दोन खोल्यांत आपण दोघीच. मी अमरावतीच्या वसतिगृहातून शनिवारी यायचे. दुपारी तू सुती लुगड्याच्या तुकड्यावर सोमवारचा सांबार निवडायला घ्यायचीस, पानं इकडे, देठ तिकडे. पुण्याच्या पाहुण्या त्याला कोथिंबीर म्हणाल्या होत्या तेव्हा तू कितीतरी दिवस हसत होतीस. तुझे हात ओले म्हणून पान मी उलटायचे, आणि वाचायचीस तू, मोठ्यानं, मध्येच त्या उमरावाशी भांडत. "लसणाले भेते म्हणे," तू म्हणतेस, "कोनत्या गावचा व हा? आपल्या इथं आला असता तं ठेच्याच्या वासानंच गेला असता." मी म्हणते, तो आरशातही दिसत नाही. "मी तरी कुठी दिसतो? तेल उडून उडून आरसाच गेला आपला." मग तुझा हात थांबतो. निवडलेली पानं मुठीत तशीच. "पन मानूस कायद्याचा हाय, पोरी. दारात उभा राहते, येऊ का म्हनते. बोलावल्याबिगर उंबरा नाई ओलांडत. नाई तं आपल्या गल्लीतले पाहा, चपलेसकट चुलीपर्यंत येतात." आपण दोघी हसतो. चहा उतू जातो. आयुष्यात मला मिळालेलं सगळ्यात चांगलं वाक्य त्या दुपारी, देठांच्या ढिगाशेजारी मिळालं, आणि त्याचं मी काय केलं ते सांगायलाच हे लिहायला बसले आहे.

त्या मार्चात गारपीट झाली. पातूरकडून येणारा सांबार मातीत गेला आणि जी जुडी तू न विचारता उचलायचीस तिच्यासाठी घासाघीस करायची वेळ आली. तेल आधीच वाढलं होतं. शनिवारी सकाळी तू कढईपुढे बसून बोटांवर हिशेब करत होतीस. मी शहाणपणा केला, म्हटलं, वडी थोडी लहान कर, कुणाच्या लक्षात येणार नाही. तू माझ्याकडे असं पाहिलंस की मला आजही खाली पाहावंसं वाटतं. "भाव वाढवला तं आपन गिऱ्हाईकाले तोंडावर सांगतो. वडी लहान केली तं चोरी होते. तुले एवढं शिकवून राहिली कायले मी?" मग तूच हसलीस, झाऱ्यानं पहिली वडी काढून तिचा तुटका कोपरा माझ्या हातावर ठेवलास आणि म्हणालीस, "पाचाची सात कर. अक्षर चांगलं काढ, लोकाईले वाईट वाटलं नाई पायजे." गाड्याच्या काळ्या पाटीवरचा पाच मी फडक्यानं पुसला आणि खडूनं सात काढला. गोल, देखणा, मला बक्षीस मिळवून देणाऱ्या अक्षरातला सात.

त्याच दिवशी संध्याकाळी चौकात महागाईविरुद्ध सभा होती. मी वीस वर्षांची होते. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांचे चार करंडक खोलीवर होते आणि गर्दीपुढं उभं राहिलं की मला ताप चढल्यासारखं होई. मी तुझा उमराव काढला. म्हटलं, गोष्टीतला रक्त पिणारासुद्धा सभ्य असतो! दारात थांबतो, येऊ का विचारतो, बोलावल्याशिवाय उंबरा ओलांडत नाही! आणि हे? हे न विचारता आपल्या चुलीपर्यंत आले आहेत! चौक हलला. पानठेल्याजवळ तू उभी होतीस, हातात माझा डबा. डबा काखेत धरून तू टाळ्या वाजवत होतीस, कारण ते तुझं वाक्य होतं आणि तू ते ओळखलं होतंस. मी तिथं थांबायला हवं होतं. पण टाळ्या ओसरायच्या आत पुढचं वाक्य टाकावं लागतं, आणि श्रोत्यांना आकडा लागतो, हे मला तेव्हाच कळत होतं. नुसती महागाई म्हटलं तर लोक मान हलवतात, आकडा सांगितला तर पेटतात. माझ्या तोंडात सकाळपासून एकच आकडा होता. मी ओरडले, काल पाचाची प्लेट आज सात! तुमच्याच गल्लीत! अशांना उंबऱ्याच्या आत घेऊ नका!

मला तू दिसत होतीस, माय. तू दिसत नव्हतीस असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगितलं, ते खोटं आहे. तुझे हात टाळी वाजवता वाजवता राहिले, एकावर एक ठेवलेले. मी पाहिलं आणि पुढं बोलत राहिले. घरी जाताना तू एवढंच म्हणालीस, "आवाज बसला तुहा. गरम पानी पे."

महागाईविरुद्ध बोलणं चूक नव्हतं. आजही बोलेन, उद्याही बोलेन. पण ज्यांची गोदामं भरली होती त्यांची नावं घ्यायला छाती लागते, ती त्या दिवशी माझ्याजवळ नव्हती. तुझा आकडा जवळ होता. मी तो उचलला.

पुढच्या शनिवारी आले तर पाटीवर पुन्हा पाच. तुझ्या हातचा, वाकडा. मी विचारलं काहून, तर म्हणालीस, "गिऱ्हाईक कुरकुरते." वडी मात्र होती तेवढीच होती, मी पाहिलं. रविवारी दुपारी पुस्तक नव्हतं. भाड्याचं वाचनालय बंद केलं, पुस्तक परत दिलं म्हणालीस. "डोळे चुरचुरतात व धुरानं. तूच वाच ते कधी, अन मले सांग त्याचं काय झालं." मी हो म्हटलं. डोळ्यांचं मी खरंही मानलं, कारण मानणं सोयीचं होतं. वाचनालयाचं आठवड्याचं भाडं किती होतं आणि महाग सांबार घेऊन पाचाची प्लेट विकणाऱ्या बाईला ते कुठून परवडणार, एवढं गणित मला येत होतं. त्यानंतर तू नऊ वर्षं होतीस. मधूनमधून विचारायचीस, "त्या तुह्या उमरावाचं काय झालं मंग?" आणि मी म्हणायचे, सांगते, आता घाईत आहे, गाडी सुटेल. माझ्या सभा वाढल्या होत्या.

त्या सभेनंतरच्या सोमवारी काय झालं ते मला तू गेल्यावर कळलं. गाड्याशेजारचे चहावाले काका भेटायला आले होते. म्हणाले, "पोट्टे जमले ना सकाळीच. काकू, पाचाची सात? तुमच्याच पोरीनं सांगतलं, उंबऱ्याच्या आत घेऊ नोका. लय हसले. तुही माय बी हसली. मंग फडकं ओलं केलं अन पुसलं." त्यांना वाटलं मला गंमत वाटेल. तू मला कधी सांगितलं नाहीस. सांगितलं असतंस तर मी वाद घातला असता, आणि जिंकलेही असते, हे तुला ठाऊक होतं.

तर ऐक, त्याचं काय झालं ते. त्याला कुणी मारत नाही. गावातली दारं एकेक करून बंद होतात, कुणीच त्याला ये म्हणत नाही. शेवटच्या दारात तो रात्रभर उभा राहतो, येऊ का, येऊ का म्हणत, आणि उजाडल्यावर तिथं नुसता झगा पडलेला असतो. समीक्षक म्हणतील शेवट फसला आहे. तू असतीस तर म्हणाली असतीस, लेकाले भूक लागली असन, आत घ्या ना बाप्पा. वडी दिली असतीस, आणि लसणाची चटणी आठवणीनं बाजूला ठेवली असतीस.

मागच्या रविवारी अकोल्यात होते, व्याख्यानाला. सभागृह भरलं होतं. बोलता बोलता उमराव आला, उंबरा आला आणि आता पाचाला काही मिळत नाही तरी जिभेवर पाचाची सातच आलं. टाळ्या थांबेनात. पाकीट देताना आयोजकांनी विचारलं, "मॅडम, हे कुठून सुचते हो तुमाले?" मी म्हटलं, वाचनातून. पाकिटातलं मानधन मागच्या वर्षीपेक्षा जास्त होतं, मीच वाढवून मागितलं होतं. कुणी कुरकुरलं नाही. तिथून मी आपल्या चौकात गेले. तुझ्या जागेच्या थोडं पुढं एक बाई सांबारवडी विकते. खाल्ली, चांगली होती. न राहवून म्हटलं, बाई, भाव कमी लावता तुम्ही, वाढवा. ती झारा थांबवून म्हणाली, "वाढवतो ना. मंग गिऱ्हाईक आनाले तुमीच येजा उद्यापासून." तुझ्यासारखीच हसली, असं उगाच लिहिणार नाही. पण मी तिच्या पाटीकडे पुन्हा पाहिलं नाही.

हे पत्र कुठं पाठवायचं नाही, त्या पुस्तकातच राहील, मागच्या रांगेत. पुढच्या महिन्यात तिवशाला सभा आहे. तिथं ते वाक्य मी घेणार नाही, असं या जागी लिहिलं होतं. मग खोडलं. तुला आणखी एक खोटं कशाला सांगू.