घळीतून खाली

१४ जून

प्रिय हेनारे,

पाकिटावर माझं अक्षर पाहून दचकला असशील. तुझी बहीण राहेरा अजून आहे. आधी तेवढं सांगते, म्हणजे पुढचं तुला नीट वाचता येईल.

तू फोन उचलत नाहीस म्हणून पत्र. रागावलेली नाही मी. पर्थला तुमच्या खाणीवर आता थंडी असते का, माहीत नाही. इथे न्यूझीलंडात नळ गोठलेत. मेंढ्या खालच्या कुरणात आणल्या. बाबांचा गुडघा तसाच. आपण तिघं माझ्या आईपाशी शिकलो ते टेबल तिने अजून स्वयंपाकघरातून हलवू दिलेलं नाही. तू त्यावर कोरलेला पाच पायांचा मेंढाही आहे. परवा त्यावरून फडकं फिरवताना म्हणाली, "हेनारेला शेवटपर्यंत मोजता आलं नाही."

तुझी ताउआ आजी बरी आहे. दर रविवारी मी तिला गाडीतून टिमारूला नेते, राहेराच्या शुश्रूषागृहात. ताउआ खारवलेले तीती पक्षी घरी उकडून डब्यात घेते. राहेराला आता पातळ केलेलंच भरवतात, पक्षी कुठला गिळता येणार! मग ताउआ डबा उघडून नुसता तिच्या नाकाशी धरते. "वास घे गं बाई. हाडं चघळायचं काम माझं." राहेरा हसते. निदान मी त्याला हसणं म्हणते. तुमच्या आईचंही तोंड शेवटी असंच हलायचं, तुला आठवत असेल.

दोन वर्षांपूर्वी आम्ही डोंगरावर गेलो होतो, हे ताउआने तुला कळवलंच असेल. काय झालं ते तिलाही ठाऊक नाही.

आईचाच आजार आहे असा तपासणीचा निकाल आला आणि आठवड्याने राहेरा आमच्या दारात उभी. "मास्तरीणबाई, घळीतला बर्फ घट्ट आहे तोवर वर जाऊ. पुढे मला चमचा धरवणार नाही, बर्फात रोवायची कुऱ्हाड लांबच."

मी म्हटलं, "हात थरथरतात तुझे."

"म्हणून तर तुला घेतेय. नाहीतर एखादा देखणा नसता का शोधला?"

ऊन लागलं की त्या घळीत वरून दगड सुटतात, म्हणून अंधारातच निघालो. तिची कुऱ्हाड मी तिच्या मनगटाला बांधली. कमरेच्या दोराची गाठ मीच मारली, पुन्हा पुन्हा तपासली. "देवालासुद्धा इतका त्रास देत नाहीस तू," म्हणाली. मी वर, ती माझ्यामागे. दोन्हीकडे काळे कडे, मध्ये उभा बर्फ, आणि बुटांखालच्या काट्यांचा करकर आवाज. ती छान चढली, हेनारे. तिचे हात विसरायला होत होते. अर्ध्यावर गाऊही लागली, तेही बेसूर.

शिखराच्या जरा खाली थांबलो. डोंगर म्हणजे पूर्वज, त्याच्या डोक्यावर पाय द्यायचा नाही, हे तुमच्या घरचं आम्हीही पाळतो. मी चहा ओतला. तिने घेतला नाही.

"गाठ सोड," म्हणाली.

"कशाला?"

"तू खाली जा. मी बसते इथे."

मला कळलं. कळलं नाही असं दाखवून मी चहा पीत राहिले.

"ताउआला काय सांगू मी?"

"सांग, घसरली."

"मला खोटं बोलता येत नाही."

"तोच तुझा रोग. माझा आईकडून आला, तुझाही आईकडूनच."

आम्ही दोघी हसलो. खरंच हसलो. मग तिने हातमोजे काढले आणि स्वतःच गाठीला हात घातला. बोटं एकीकडे, गाठ एकीकडे. मी बघत बसले. मदत केली नाही आणि थांबवलंही नाही. ती दमण्याची वाट पाहिली. दमली तेव्हा मी तिला हातमोजे चढवले, लहान मुलाला चढवतात तसे.

उतरताना ती खाली, मी वर दोर धरून, दोघींची तोंडं बर्फाकडे.

"पाय."

"ठेवला."

"दुसरा."

"ठेवला गं बाई."

पुढे तिने उत्तर देणं सोडलं. दोराला ओढ लागायची, तेवढ्यावरून मला कळायचं की ती उतरते आहे.

बाबा म्हणतात, एवढ्या आजारी मुलीला तू सुखरूप खाली आणलंस.  रविवारी तो डबा तिच्या नाकाशी धरलेला पाहिला की मला ते 'सुखरूप' ऐकू येतं.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. हे पत्र माझ्या मनाचं नाही. परवाच्या रविवारी ताउआ बाहेर गेली तेव्हा राहेराने तुझं नाव घेतलं. तिचा एकेक शब्द फार वेळ घेतो आता, आणि डॉक्टर म्हणतात तेही थोडे दिवस. मी विचारलं, "बोलावू त्याला?" तिने मान हलवली, पण मान तर तिची सारखीच हलते. म्हणून पुन्हा विचारलं, आणि पुन्हा. शेवटी तिने रागाने शब्द जुळवले: "येऊ नको म्हण. आईसारखी झालेय. त्याला दिसेल."

तू तपासणी केलेली नाहीस, हे तिला माहीत आहे. तिच्याकडे बघून तू स्वतःला बघशील, एवढंच तिला नको आहे.

माझं मत तिने विचारलं नाही, तूही विचारू नकोस. विचारलंस तर मला खरं सांगावं लागेल. वर एकदा तिचं ऐकलं नाही, ते ती रोज भोगते आहे. म्हणून या वेळी ऐकते. तिचा निरोप तिच्याच शब्दांत: येऊ नको.

अजून दोर धरून,
ब्रायोनी